जुन्या गालिच्याचं वय कसं ओळखायचं? मदत हवी आहे

मंडळी, आत्याच्या माळ्यावरून एक लोकरी गालिचा हाती आलाय. ती म्हणते शंभर वर्षांचा, पण तिच्या घरातली प्रत्येकच वस्तू शंभर वर्षांची असते!

उलटा करून पाहिला. मागेही नक्षी स्पष्ट दिसते, झालर म्हणजे ताण्याचेच (विणीतले उभे) धागे आहेत, वरून शिवलेली नाही. म्हणजे हाताने गाठी मारलेला, एवढं कळलं. गाठ तुर्की की इराणी, ते मात्र भिंगातूनही समजेना. (तुर्की गाठ शेजारच्या दोन्ही ताण्यांना वेढते, इराणी त्यातल्या एकालाच, हे वाचून माहीत आहे.)

खरी अडचण रंगाची. लाल पट्ट्यात मध्येच विटकरी छटा येते. लोकर वेगवेगळ्या खेपांत रंगवली असेल तर असं होतं म्हणे. पण एक नारिंगी फूल वरून फिकं, आणि लोकर बाजूला सारली की मुळाशी भडक! म्हणजे रंग कृत्रिम असेल का? कृत्रिम रंगांची सुरुवात मानला जाणारा, रसायनतज्ज्ञ पर्किनचा जांभळा १८५६ चा, मग हे फूल त्यानंतरचंच समजायचं का? की वनस्पतीजन्य रंगही असा उडतो?

रंग सुटतो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने टिपून बघ, असं एकाने सुचवलं. हात धजत नाही. त्यात एका कोपऱ्याला कसर लागलीय. आधी काय करू?