मदत हवी आहे: पोटमाळ्यावर कांडेचोर, खाली उंदीर. पिंजरा लावावा का?

दापोलीकडचं कौलारू घर. पोटमाळ्यावर रात्री धपधप होते, कौलं सरकतात, एकाच कोपऱ्यात बियांनी भरलेली विष्ठा पडते. कांडेचोरच (उदमांजर) असावा. मोठा पिंजरा मिळतोय. पकडून जंगलात सोडला तर चालेल का? स्वयंपाकघरात उंदीरही आहेत. ग्लू पॅड वापरायचे नाहीत.

प्रतिसाद १
कांडेचोरासाठी पिंजरा लावू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पकडणं, सापळा लावणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. नंतर सोडून दिला म्हणून गुन्हा टळत नाही. पकडायचाच झाला तर वनखात्यानं. हेल्पलाइन 1926.

शिवाय मादी असली आणि तुम्ही ती दूर नेऊन सोडली, तर पिल्लं माळ्यावर उपाशी मरतात. म्हणून आधी दिवसा कान देऊन ऐका. बारीक किचकिच येत असेल तर पिल्लं हिंडती होऊन आईबरोबर बाहेर पडेपर्यंत काही आठवडे थांबावंच लागेल.

पिल्लं नसतील तर वाट शोधा. वळचणीला आणि सरकलेल्या कौलांखाली राख पसरा, सकाळी ठसे दिसतील. मुख्य वाट सोडून बाकीच्या फटी एक इंची वेल्डेड जाळीनं बंद करा. जाळी वाशांना स्क्रू आणि वॉशरनं आवळा, नुसते खिळे उपटले जातात. मुख्य वाटेत वर्तमानपत्राचा सैल बोळा ठेवा. अंधार पडल्यावर तो बाहेर ढकललेला दिसला आणि माळ्यावर बॅटरी मारून कोणी नाही याची खात्री झाली, की त्याच रात्री तिथंही जाळी बसवा. छपरावर आलेल्या फांद्या छाटल्या नाहीत, तर तो नवी वाट काढतो.

प्रतिसाद २
उंदरांना जाळीचा पिंजरा चालेल, पण भोकं 6 मिमीपेक्षा लहान हवीत, नाहीतर लहान उंदीर निसटतात. पिंजरा भिंतीला चिकटून, समांतर ठेवा, तोंड भिंतीच्या कडेनं उघडेल असं. घरातला मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या तीन-चार रात्री दार बांधून उघडं ठेवा आणि आत सुकं खोबरं नाहीतर सुकट ठेवा. तो बिनधास्त खायला लागला की मगच दार सोडून पिंजरा लावायचा. आमिष आकड्याला दोऱ्यानं बांधा. नुसतं टोचलं तर दार न पाडता ओढून नेतो.

रात्री झोपताना आणि पहाटे पाहायचंच. घरी कोणी नसेल त्या दिवशी पिंजरा लावू नका. सापडला की वर गोणपाट टाका, अंधारात तो धडपडत नाही. पिंजऱ्यासकट पाण्यात बुडवणं ही क्रूरता आहे, कितीही रूढ असली तरी.

सोडायचा तर घराजवळच, बाहेर. लांब नेलेल्या उंदराला बीळ आणि अन्न ठाऊक नसतं, बहुतेक वेळा तो मरतो. जवळ सोडलेला परत येईल, म्हणून आधी मोरीच्या तोंडाला जाळी बसवा, फटी सिमेंटनं भरा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. हातमोजे घाला, पिंजरा ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवा.

धागाकर्ता
पिंजऱ्यात चिचुंद्री आली तर?

प्रतिसाद २
लगेच, त्याच जागेजवळ सोडा. तिला सतत खायला लागतं, फार वेळ उपाशी राहिली तर मरते. झुरळं खाते, धान्याला फारशी शिवत नाही. ती वारंवार येत असेल तर सुकट बंद करून नुसतं खोबरं लावा.