कापडाचं कॉस्टिंग: क्रिंप आणि फणीची रुंदी

ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही ४० काउंटचे (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा नंबर), इंचाला ९२ ताण्याच्या तारा आणि ८० बाण्याचे धागे, पन्ना म्हणजे कापडाची रुंदी ६३ इंच. या कापडाला मीटरला (९२ + ८०) × ६३ × ०.५९०५ ÷ ४० म्हणजे १६० ग्रॅम सूत लागेल, असा हिशेब तुम्ही मांडलाय (०.५९०५ म्हणजे १ काउंटच्या मीटरभर सुताचं ग्रॅममधलं वजन). सूत्र बरोबर आहे, पण त्यात क्रिंप (विणताना धागा वळणं घेतो म्हणून लागणारी जादा लांबी), फणीची रुंदी (फणी म्हणजे मागावर ताण्याच्या तारा ज्यातून जातात ती) आणि वेस्टेज (वाया जाणारं सूत) तिन्ही सुटलंय.

ताणा: ९२ × ६३ = ५७९६ तार. गुणिले ०.५९०५, भागिले ४० म्हणजे ८५.६ ग्रॅम. ६% क्रिंप धरा, ९०.७. त्यावर दीड टक्का वेस्टेज, ९२.१.

बाणा तयार पन्न्यावर काढू नका. धागा पडतो फणीच्या रुंदीत, मग कापड आकसतं. इथे फणी साधारण ६६.५ इंच धरावी लागेल. ८० × ६६.५ × ०.५९०५ ÷ ४० = ७८.५, वेस्टेज ३% धरून ८०.९ ग्रॅम.

एकूण १७३ ग्रॅम. सूत २८० रुपये किलो धरलं तर ४८.४४, तुमच्या हिशेबाने ४४.८०. मीटरमागे साडेतीन रुपयांच्या वर फरक. एवढा तर नफाही सुटत नाही कधीकधी!

सायझिंग (ताण्याला खळ लावण्याचा खर्च) ताण्याच्या किलोवर लावा, एकूण सुतावर नाही. विणाई पिकावर (पीक म्हणजे इंचातला बाण्याचा एक धागा): पिकाला मीटरमागे १४ पैसे दर असेल तर ८० पिकांचे ११.२० रुपये.

जेकार्डचं (विणतानाच नक्षी काढणाऱ्या यंत्राचं) डिझाइन असेल तर ग्राफ (नक्षीचा चौकटीच्या कागदावरचा आराखडा) आणि पंचिंगचा (त्यावरून कार्डांना भोकं पाडण्याचा) खर्च लॉटच्या मीटरवर वाटा. ६००० रुपये ५००० मीटरवर १.२० पडतात, ५०० मीटरच्या सॅम्पल ऑर्डरवर १२. पुढच्या ऑर्डरच्या भरवशावर तो कमी दाखवू नये.