मुलांना सगळं कळतं पण बोलत नाहीत, अडून बसायचं का?

धागाकर्ती:
लेक सात वर्षांची. मी मराठीत बोलते, ती शाळेच्या भाषेत उत्तर देते, आणि हे इतकं अंगवळणी पडलंय की परवा आजीचा फोन आला आणि मी मधे दुभाषी होऊन बसले तेव्हा कुठे लक्षात आलं. आजीचा प्रश्न हिला कळला, सांगायलाही भरपूर होतं, फक्त ते आजीला कळेल अशा भाषेत नव्हतं. त्या रात्री ठरवलं की मराठीत बोलल्याशिवाय मी उत्तरच द्यायचं नाही. जोशुआ फिशमन या भाषाशास्त्रज्ञांनी १९९१ मध्येच मांडलंय की आईबापांकडून मुलांकडे भाषा गेली नाही तर बाहेरचे वर्ग न् कार्यक्रम तिला तगवू शकत नाहीत. मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही. तुमचं काय मत?

प्रतिसाद १:
साफ असहमत. मी तुमच्या लेकीच्या जागी होते. शाळेत काहीतरी झालेलं असायचं, रडू दाटून आलेलं असायचं आणि बाबा म्हणायचे आधी मराठीत सांग. अहो शब्दच नव्हते माझ्याकडे त्या गोष्टीसाठी, शाळेतलं सगळं शाळेच्याच भाषेत घडायचं ना. "तो पुस्तक" म्हटलं की पाहुण्यांसमोर हशा. हळूहळू मी सांगणंच सोडलं. मराठी तर आली नाहीच, वर बाबांशी मोकळेपणाने बोलायचंही राहून गेलं. भाषेसाठी ही किंमत मला मान्य नाही.

प्रतिसाद २:
ताई वाचून वाईट वाटलं, पण दोष अडून बसण्याचा की हसण्याचा? एलिझाबेथ लान्झा यांनी नॉर्वेतल्या दुभाषिक घरांमधली दोन वर्षांची मुलं अभ्यासली होती, त्यात आईबाप काय काय करतात ते नीट मांडलंय. कुणी "मला कळलं नाही" म्हणतं, कुणी "म्हणजे असं का?" म्हणून घरच्या भाषेत विचारतं, कुणी मुलाचंच वाक्य घरच्या भाषेत परत म्हणतं, कुणी तसंच पुढे जातं, कुणी स्वतःच भाषा बदलतं. पहिल्या प्रकाराने मुलाला भाषा बदलावी लागते, शेवटच्याने अजिबात नाही. पण सात वर्षांच्या पोरीला पक्कं ठाऊक असतं की आईला कळतंय, तिथे न कळल्याचं सोंग कसं चालणार? आमच्याकडे मी तिचं वाक्य मराठीत परत म्हणून पुढचा प्रश्न विचारते. वेळ लागतो, पण गप्पा तुटत नाहीत.

प्रतिसाद ३:
दोघं दोन भाषांचे असाल तर हे सगळं अजून अवघड आहे, आमचं तसंच आहे. अॅनिक द हौवर यांचा २००७ चा बेल्जियममधल्या सुमारे १,९०० कुटुंबांचा अभ्यास आहे, त्यात साधारण चारातल्या एका घरात मुलं घरची भाषा बोलतच नव्हती, आणि "एक पालक एक भाषा" नियमापेक्षा दोघांनीही घरात तीच भाषा वापरली तिथे चित्र कितीतरी चांगलं होतं. म्हणजे लेकीला अडवण्याआधी नवऱ्याशी कुठल्या भाषेत बोलता ते बघा. आणि धाकटं भावंड असेल तर त्याच्याकडेही, मोठं शाळेत जायला लागलं की दोघं आपसात शाळेचीच भाषा बोलतात, धाकट्याला आपली भाषा अजूनच कमी मिळते.

धागाकर्ती:
नवऱ्याशी अर्धं इंग्रजीतच बोलते. हे कुणी विचारलं नव्हतं आजवर. उत्तर न देण्याचा नियम मागे घेते, वाक्य परत म्हणून बघते. पण काहीच आग्रह धरायचा नाही हे मात्र मला पटत नाही, आजी ऐंशीची आहे, लेक आपणहून शिकेल म्हणून किती वर्षं थांबू?

प्रतिसाद १:
आग्रह धरा, पण रडत आली की नको. तेव्हा ती ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत ऐका. माझी मराठी सुधारली ती पंचविशीत, आजीच्या शेवटच्या दोन वर्षांत, तिच्या शेजारी बसून. तिने एकदाही चूक काढली नाही.