गाडी की चेहरा?
एकांनी लिहिलंय की अमेरिकेत खटारा गाडी दिसली की पोलीस थांबवतात, चालक गोरा असो की काळा. म्हणजे मुद्दा पैशाचा. मला हे अर्धंच पटलं. टिम स्कॉट हे रिपब्लिकन सेनेटर, स्वतः कृष्णवर्णीय. लोकप्रतिनिधी असतानाही एका वर्षात सात वेळा पोलिसांनी थांबवल्याचं त्यांनी २०१६ मध्ये सेनेटमध्ये सांगितलं. तिथे कसली आलीय गरिबी? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासातही अंधार पडल्यावर, म्हणजे चेहरा नीट दिसेनासा झाल्यावर, थांबवलेल्यांत काळ्यांचं प्रमाण घटलेलं दिसलं. (गाड्या काय संध्याकाळी बदलतात?) पैसा आडवा येतो तो पुढे. अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहरात दंड हे पालिकेच्या कमाईचं साधनच होऊन बसलं होतं. दंड थकला की वॉरंट. पैसेवाला भरून मोकळा, गरीब थेट आत.