मदत हवी आहे: कबड्डी संघासमोर ध्येय काय ठेवू?

सोनचाफा: शाळेच्या कबड्डी संघाची जबाबदारी यंदा माझ्या गळ्यात पडलीय. फळ्यावर 'या वर्षी जिल्हा जिंकायचाच' असं लिहिलंय. पण सराव सामन्यात एक लोण बसला, म्हणजे सगळा संघ बाद झाला, की सगळ्यांची तोंडं उतरतात, मग पकडीला कुणी पुढे होत नाही. ध्येय नक्की ठरवतात कसं? लवकर सांगा, तालुका स्पर्धा तोंडावर आलीय.

रानवारा: मुलं की मुली? वयोगट? माती की मॅट? गेल्या वर्षी कुठवर गेला होतात?

खडूसकाका: ध्येयबिय राहू द्या. रोज बैठका आणि दोरीउड्या. दम असला की बाकी आपोआप येतं.

कोपरारक्षक: काका, बैठकांनी लोण थांबत नाही. ताई, जिंकणं समोरच्या संघावरही असतं. स्वतःच्या हातातलं तेवढं मोजा. आम्ही मंडळात वहीत लिहितो: झटापट नसताना लॉबीत (मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात) पाय पडून फुकट बाद किती झाले, आणि साखळी (एकमेकांचे हात) न धरता एकट्याने उडी किती वेळा मारली. पुढच्या सामन्यात हा आकडा निम्म्यावर आणायचा, बस्स. आणि तिघं उरले की रडायचं कशाला? तिथे पकड झाली तर अव्वल पकड, २ गुण!

खडूसकाका: शालेय स्पर्धेत अव्वल पकड धरतात का, ते आधी आयोजकांना विचारा. सगळे टीव्हीवरची कबड्डी बघून येतात.

निलिमा_ठाणे: सामन्याआधी वडापाव अजिबात नको. केळं, नाहीतर गूळ-शेंगदाणे.

सोनचाफा: मुली आहेत, १४ वर्षांखालील, मातीवर. गेल्या वर्षी तालुक्याच्या पहिल्याच फेरीत बाहेर.

रानवारा: मग एकदम जिल्हा कशाला लिहिलात हो? पहिली फेरी तर पार करू दे पोरींना. मुलींना विचारून लिहिलं होतं का?

सोनचाफा: मुख्याध्यापकांनी लिहिलंय. पुसता येत नाही.

कोपरारक्षक: राहू दे मग. वही मुलींकडेच द्या, राखीव खेळाडू बाहेर बसून छान नोंदी ठेवतात. पहिल्या सामन्यात काय जमवायचं ते कर्णधाराच्या तोंडून येऊ द्या. बरं, डावा कोपरा कोण खेळतं?

सोनचाफा: ठरलेलं नाही. जी आधी जाऊन उभी राहील ती.

कोपरारक्षक: अहो ताई, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचंत की! उद्या आधी सातही जणींच्या जागा पक्क्या करा.

खडूसकाका: आणि बैठका.