भरपाई बुडालेल्या गवताची की नकाशातल्या रंगाची?

रानवाट:
दुष्काळाने चराई बुडाली की अमेरिकेचे केंद्र सरकार पशुपालकांना ‘लाइव्हस्टॉक फोरेज डिझास्टर प्रोग्रॅम’मधून पैसे देते. २००८ च्या कृषी कायद्यात आलेली ही योजना २०१४ च्या कायद्याने कायमची झाली. माझा आक्षेप मदतीला नसून ती ठरवण्याच्या रीतीला आहे. दर गुरुवारी निघणाऱ्या दुष्काळ-नकाशात काउंटीचा (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा) एखादा कोपरा चराईच्या हंगामात एकदा जरी ‘डी-३’ म्हणजे अतितीव्र दुष्काळाच्या पातळीत गेला, तरी साऱ्या काउंटीतील पात्र पशुपालकांना तीन महिन्यांची रक्कम लागू होते. टेक्सासमधील ब्रूस्टर काउंटी आपल्या सोलापूर जिल्ह्याहून मोठी आहे. तिच्या एका टोकाला पाऊस पडला आणि दुसरे टोक करपले, तरी हिशेब एकच. प्रत्येकाच्या कुरणात गवत किती बुडाले हे मोजले जात नाही, आणि ज्या वर्षी माळाला विसावा हवा त्याच वर्षी कळप राखण्यासाठी हाती पैसा येतो.

कालवड:
मी असहमत आहे. एका महिन्याची रक्कम म्हणजे जनावरांचा चाराखर्च आणि त्या जमिनीची चराईक्षमता यांतून निघणाऱ्या दोन आकड्यांपैकी लहान आकड्याचे ६० टक्के. उरलेला खर्च पदरचा असताना केवळ अनुदानासाठी कोणी गाई पोसत बसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील गोधन ८ कोटी ६७ लाखांवर, म्हणजे १९५१ नंतरच्या नीचांकावर आले, आणि त्यामागे लांबलेला दुष्काळ हे एक मोठे कारण होते. योजना चालू असतानाच लोकांनी कळप विकले. आधीच्या दोन वर्षांत दुष्काळामुळे विकलेल्या जनावरांनाही ८० टक्के दराने रक्कम मिळते, हे आपण सांगितले नाही. राहिला मोजमापाचा प्रश्न. पंचनाम्याची वाट पाहिलेल्या माणसाला त्याचे उत्तर वेगळे द्यायला नको.

जमाखर्ची:
मला खटकते ते दुसरेच. कुरणांसाठी पर्जन्यमानावर आधारलेला स्वतंत्र विमा आहे, त्याचा निम्म्याहून अधिक हप्ता सरकार भरते, आणि त्याच हंगामात विम्याचा दावा व ही मदत दोन्ही घेता येतात. माणशी वर्षाला सव्वा लाख डॉलरांची मर्यादा आहे ती या मदतीपुरती. विमा काढलेल्याला आणि न काढलेल्याला आपत्तीची रक्कम सारखीच का, याचे समर्थन मला सापडत नाही.

रानवाट:
८० टक्क्यांचा नियम सांगायचा राहिला, ही माझी चूक. पण गाय ठेवली तर पूर्ण दर आणि विकली तर कमी, यातून कल कळतोच ना?

कालवड:
विकलेल्या गाईला चारा घालावा लागत नाही! तिच्या नावाचे ८० टक्के हातात उरतात. ठेवलेल्या गाईचे शंभर टक्के तिच्याच दावणीत जातात.

रानवाट:
हे मान्य. तरी २०१९ च्या दुष्काळातील आपल्या चारा छावण्या आठवतात. त्यांच्या हिशेबावर हवे तितके बोट ठेवा, पण तिथे मदत चाऱ्याच्या रूपाने मिळे आणि जनावर छावणीत बांधलेले असल्याने माळाला तेवढी उसंत मिळे.

कालवड:
छावणीत शेतकऱ्यामागे चार-पाच जनावरे होती. पाचशे गाईंच्या कळपासाठी दावण कुठे बांधणार? ‘डी-३’हून एक पायरी सौम्य अशा ‘डी-२’ पातळीत काउंटी किती आठवडे राहिली की मदत सुरू व्हावी, ही अट २०२५ च्या कायद्याने सलग आठ आठवड्यांवरून चारवर आणली, त्यावर वाद घालू या. तिथे मी कदाचित आपल्या बाजूला असेन.