मदत हवी आहे: त्याच्यावर विश्वासच बसत नाही

अबोली२: लवकर सांगा. तो चांगला आहे, पण मेसेजला उत्तर यायला उशीर झाला की पोटात गोळा येतो. मग मी तोडून बोलते, तो गप्प होतो. आज संध्याकाळी भेटायचंय. काय बोलू?

काठावरचा: ओळख किती दिवसांची? आधी काय घडलंय? त्याला त्यातलं काही माहीत आहे?

अबोली२: आठ महिने. आधी दोनदा फसले, ते उगाळायचं नाहीये. आजचं सांगा.

शमा_लिहिते: मीही यातून गेलेय गं. दोघांनी फोनवर लोकेशन शेअरिंग चालू ठेवा. माझी धाकधूक तेव्हाच थांबली.

काठावरचा: मी वर्षभर तेच केलं. ठिपका हलला तरी शंका, नाही हलला तरी शंका. शेवटी ती कंटाळून निघून गेली. कृपा करून हा सल्ला देऊ नका.

शमा_लिहिते: तुम्ही पाळत ठेवत होतात, आम्ही एकमेकांना विचारून केलं. दोन्ही एकच कसं?

पानोपानी: मुळात जावं लागेल. लहान मूल आणि पालक यांच्यातल्या बंधाचे प्रकार मोठ्यांच्या प्रेमातही दिसतात, असं हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मांडलं. सुरक्षित, चिंतातुर आणि अंतर राखणारा. आईशी तुझं कसं होतं?

अबोली२: आईचा इथे काय संबंध?
एक सांगितलं नाही. रविवारी तो झोपला होता तेव्हा मी त्याचा फोन उघडून पाहिला. काहीच नव्हतं. तरी झोप लागली नाही. आधीचा तर पुरावा समोर ठेवला तरी म्हणायचा, तुझ्याच मनात पाप आहे. तेव्हापासून मला काय खरं दिसतंय तेच कळत नाही.

काठावरचा: हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतंस. म्हणजे तुझा विश्वास त्याच्यावरून नाही, स्वतःच्या नजरेवरून उडालाय. त्याने कितीही शपथा घेतल्या तरी तो तिथे पोहोचणार नाही. समुपदेशकाकडे जा, एकटी. आणि फोनचं आज सांगून टाक.

शमा_लिहिते: फोनचं अजिबात नको! आठ महिन्यांचं नातं एका वाक्यात मोडेल. उशीर झाला की भीती वाटते, एवढंच सांग.

काठावरचा: उद्या दुसरीकडून कळलं तर?

पानोपानी: त्या फोनला पासवर्ड नव्हता का?

अबोली२: पासवर्ड त्यानेच दिलाय मला, पहिल्या महिन्यात. म्हणूनच जास्त लाज वाटते.
निघतेय. फोनचं सांगणार आहे. हात गार पडलेत.